जमीन न सोडता वीस किलोमीटर

भंडाऱ्यात पहाटे पाचला रस्त्यावर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक भरतीची पोरं, मोबाइलवर वेळ लावून १६०० मीटर पळणारी. दुसरी खांब तलावाच्या बाजूने गप्पा मारत फिरणारी मंडळी, त्यातली निम्मी तरी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून निघालेली. पळणं तरुणांचं आणि चालणं वय झालेल्यांचं, अशी आपल्याकडे सरळ वाटणी आहे.

या वाटणीत न बसणारा एक खेळ ऑलिम्पिकमध्ये शंभराहून अधिक वर्षं आहे. त्यात माणूस पळणाऱ्याच्या वेगाने चालतो आणि चुकून पळाला तर शिक्षा भोगतो. सगळीकडे त्याला रेस वॉकिंग म्हणतात. आपल्या शालेय मैदानी स्पर्धांत तो नुसता ‘चालणे’ या नावाने ओळखला जातो. नाव साधं असल्यामुळेच कदाचित त्याच्याकडे फारसं लक्ष जात नाही.

टोकियोतली दोन मिनिटं

२० सप्टेंबर २०२५. टोकियोत जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धेतली पुरुषांची २० किलोमीटर चालण्याची शर्यत सुरू होती. नजरा होत्या तोशिकाझू यामानिशीवर. देश त्याचा, प्रेक्षक त्याचे. २०१९ आणि २०२२ असा दोनदा तो जगज्जेता झालेला. २०२५ च्याच फेब्रुवारीत कोबे इथे त्याने १ तास १६ मिनिटं १० सेकंद असा जागतिक विक्रमही केला होता.

शर्यतीच्या उत्तरार्धात यामानिशी पुढे होता. दम होता, पाय चालत होते. पण त्याच्या नावावर तिसरं लाल कार्ड नोंदलं गेलं आणि त्याला मार्गाच्या कडेला आखलेल्या दंडकक्षात जावं लागलं. दोन मिनिटं. बाकीचे डोळ्यांसमोरून निघून गेले. जगातला सर्वांत वेगवान चालणारा माणूस त्या दिवशी अठ्ठाविसावा आला.

सुवर्णपदक ब्राझीलच्या काइओ बोनफिमने नेलं, वेळ १:१८:३५. चीनचा वांग झाओझाओ दुसरा, स्पेनचा पॉल मॅकग्रा तिसरा. पहिल्या आणि तिसऱ्यात अंतर अवघं १० सेकंदांचं. बोनफिमची लग्नाची अंगठी शर्यतीच्या सुरुवातीलाच बोटातून गळून पडली होती. सुवर्ण मिळालं तर बायको माफ करेल, असं तो नंतर हसत म्हणाला.

दहा सेकंदांवर पदकं ठरतात तिथे दोन मिनिटं म्हणजे सगळं संपलंच. मग यामानिशीचं चुकलं काय? ते समजायला आधी चालणं कशाला म्हणायचं ते पाहावं लागतं.

नियम दोनच

पहिला नियम जमिनीचा. मागचं पाऊल उचलण्याआधी पुढचं पाऊल टेकलेलं हवं. दोन्ही पाय एकदम हवेत असल्याचं दिसता कामा नये. पळताना आपण प्रत्येक पावलाला क्षणभर हवेत असतो. इथे ती उडी नाही.

दुसरा नियम गुडघ्याचा. पुढे टाकलेला पाय जमिनीला लागला, की शरीर त्याच्यावर सरळ उभं येईपर्यंत तो गुडघा ताठ राहिला पाहिजे. हे कशासाठी? वाकलेला गुडघा स्प्रिंगसारखा काम करतो. तो दबतो आणि उलटून शरीराला पुढे फेकतो. पळण्याची सगळी मेख तिथे आहे. गुडघा ताठ ठेवायला लावला की ती स्प्रिंगच काढून घेतली जाते.

पहिल्या नियमात दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. संपर्क तुटल्याचं ‘उघड्या डोळ्यांना’ दिसू नये, असं नियम म्हणतो. वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं, तर अव्वल चालपटूंचेही दोन्ही पाय काही शतांश सेकंद जमिनीपासून सुटलेले सापडतात. माणसाच्या डोळ्याला ते टिपता येत नाही, म्हणून ते चालतं. थोडं जास्त झालं की डोळ्याला कळतं आणि तिथून भानगड सुरू होते. पंचांना निर्णयासाठी कॅमेरा, स्लो मोशन, सेन्सर काहीही वापरता येत नाही.

वेग येतो कुठून

आपण साधारण ताशी पाच किलोमीटरने चालतो. ताशी सातच्या पुढे गेलं की शरीर आपोआप पळायला बघतं, कारण त्या वेगाला पळणंच कमी कष्टाचं पडतं. यामानिशीचा विक्रम ताशी पावणेसोळा किलोमीटरचा आहे, म्हणजे एका किलोमीटरला ३ मिनिटं ४८ सेकंद.

हे भंडाऱ्याच्या मापात मांडू. शहरातून वरठीच्या भंडारा रोड स्टेशनला जाऊन परत यायचं, तर साधारण २० किलोमीटर होतात. आपल्या चालीने चार तास लागतील. यामानिशी सव्वा तासाच्या थोडा वर वेळ घेईल. भरतीच्या पोरांना पटेल असं सांगायचं तर १६०० मीटर तो सहा मिनिटं सहा सेकंदांत ‘चालतो’, आणि तशी साडेबारा अंतरं न थांबता एकापाठोपाठ एक.

गुडघा वाकवायचा नाही, उडी मारायची नाही, मग हा वेग येतो तो कमरेतून. पाऊल पुढे जाताना त्या बाजूचं कंबरेचं हाड पुढे वळतं आणि थोडं खाली झुकतं. त्यामुळे पाय जणू काही इंच लांब होतो. शरीरही वरखाली उसळत नाही. बघणाऱ्याला जे ठुमकणं वाटतं, ते असं पै पै वाचवणं असतं.

पावलं पडतात तीही बघण्यासारखी. साधं चालताना डावं पाऊल डाव्या रेषेवर आणि उजवं उजव्या रेषेवर पडतं. चालपटूची दोन्ही पावलं जवळजवळ एकाच रेषेवर येतात. रोवणीच्या दिवसांत दोन बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून डोक्यावर पऱ्ह्यांचं ओझं घेऊन चालणारी बाई आठवा. पाऊल एकापुढे एक, कंबर वळते आहे, डोकं मात्र स्थिर. तिला हे कोणी शिकवलेलं नसतं, चिखलात पडायचं नाही एवढंच तिला ठाऊक असतं. चालपटू तेच मिनिटाला दोनशेच्या आसपास पावलं टाकत करतो. टाच आधी टेकते, पंजा वर असतो, कोपर काटकोनात आणि हात कमरेजवळून झुलतात.

पिवळी फळी आणि लाल कार्ड

मोठी शर्यत रस्त्यावर होते, पण सरळ लांब रस्त्यावर नाही. एक ते दोन किलोमीटरचा वळसा आखतात आणि त्याच्याच फेऱ्या मारायच्या असतात. कारण साधं आहे. सहा ते नऊ पंच वळशावर ठरावीक अंतरांनी उभे राहतात आणि प्रत्येक स्पर्धक प्रत्येकाच्या नजरेखालून पुन्हापुन्हा जातो.

पंचाच्या हातात दांड्याची गोल पिवळी फळी असते. एका बाजूला नागमोडी रेघ, म्हणजे ‘जमीन सुटते आहे’. दुसऱ्या बाजूला कोन, म्हणजे ‘गुडघा वाकतो आहे’. फळी दाखवली म्हणजे तंबी दिली, सांभाळ. दोष स्पष्ट दिसला तर पंच स्पर्धकाला काही न सांगता लाल कार्ड भरून पाठवतो. ते फलकावर त्या स्पर्धकाच्या क्रमांकापुढे लागतं. म्हणून अनुभवी चालपटू प्रत्येक फेरीत त्या फलकावर नजर टाकतो आणि पुढचा वेग ठरवतो.

एक पंच एका स्पर्धकाला एकच लाल कार्ड देऊ शकतो. म्हणजे तीन कार्डं जमली तर तीन वेगवेगळ्या डोळ्यांनी दोष पाहिलेला असतो. पूर्वी तिसऱ्या कार्डाला थेट बाहेर जावं लागे. आता बऱ्याच मोठ्या स्पर्धांत दंडकक्ष असतो: १० किलोमीटरला एक मिनिट, २० ला दोन, ३५ ला साडेतीन. त्यानंतर चौथ्या पंचाचं कार्ड आलं तर मात्र शर्यत संपली.

जुन्या नियमाचा सर्वांत जिव्हारी लागणारा प्रसंग २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमधला. मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा २० किलोमीटरमध्ये पहिला आला. देशाचे राष्ट्राध्यक्ष फोनवरून त्याचं अभिनंदन करत असतानाच अधिकारी आला आणि त्याला लाल फळी दाखवली. तिसरं कार्ड शर्यत संपता संपता आलं होतं. सुवर्ण पोलंडच्या रॉबर्ट कोझेनिओव्स्कीला मिळालं. तोच कोझेनिओव्स्की १९९२ मध्ये बार्सिलोनात ५० किलोमीटरच्या शेवटी, स्टेडियम गाठत असताना बाद झाला होता.

बदलत गेलेली अंतरं

स्वतंत्र शर्यत म्हणून चालणं ऑलिम्पिकमध्ये आलं १९०८ ला लंडनमध्ये. ५० किलोमीटर १९३२ मध्ये आलं, पुरुषांचं २० किलोमीटर १९५६ ला मेलबर्नमध्ये. महिलांना १९९२ पर्यंत थांबावं लागलं.

या खेळाच्या नावावर एक वेगळाच मान आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमधून ५० किलोमीटर वगळलं गेलं, तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीडनमधल्या माल्मो इथे त्या एकाच शर्यतीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. ती सोव्हिएत संघाच्या वेनियामिन सोल्दातेंकोने जिंकली. हेलसिंकीतली पहिली पूर्ण जागतिक मैदानी स्पर्धा १९८३ ची. म्हणजे आज जिथे १०० मीटरचे वीर चमकतात, त्या व्यासपीठावर पहिलं पाऊल चालणाऱ्यांनी टाकलं.

जागतिक स्पर्धेत ५० किलोमीटर शेवटचं झालं २०१९ मध्ये दोह्यात, ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली. २०२२ पासून जागतिक स्पर्धेत त्याच्या जागी ३५ किलोमीटर आलं. २०२६ पासून हेही बदललं. आता रस्त्यावरची मुख्य अंतरं अर्ध मॅरेथॉन आणि मॅरेथॉनएवढी, म्हणजे २१.०९७५ आणि ४२.१९५ किलोमीटर, ठेवली आहेत. मॅरेथॉन म्हटलं की किती पळायचं ते कोणालाही कळतं, त्याच मापाने चालण्याची थोरवीही कळावी हा त्यामागचा हिशेब.

भारताची पावलं

पहिल्याच आशियाई क्रीडा स्पर्धेत आपल्याला चालण्याची पदकं मिळाली. १९५१ मध्ये दिल्लीत १० किलोमीटरचं सुवर्ण महावीर प्रसाद यांनी आणि ५० किलोमीटरचं बख्तावर सिंग यांनी जिंकलं. १९७८ ला बँकॉकमध्ये हाकम सिंग आणि १९८२ ला दिल्लीत चांद राम यांनी २० किलोमीटरचं सुवर्ण आणलं. पुढे मोठा खंड पडला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत हरमिंदर सिंगने कांस्य मिळवलं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये केरळचा के. टी. इरफान दहावा आला. २०१६ मध्ये जपानच्या नोमी इथे गुरमीत सिंग आशियाई विजेता झाला.

गेल्या काही वर्षांत पदकं पुन्हा दिसू लागली आहेत. २०२१ मध्ये नैरोबीत अमित खत्रीने २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत १०,००० मीटरचं रौप्य मिळवलं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच अंतरात प्रियांका गोस्वामीला रौप्य आणि संदीप कुमारला कांस्य मिळालं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत राम बाबू आणि मंजू राणी यांनी ३५ किलोमीटर मिश्र सांघिक प्रकारात कांस्य जिंकलं. २०२४ मध्ये चंडीगडला अक्षदीप सिंगने २० किलोमीटरचा राष्ट्रीय विक्रम १:१९:३८ वर आणला, आणि २०२५ च्या गुमी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सर्विन सेबॅस्टियनने कांस्य मिळवलं.

या यादीत पंजाब, हरियाणा, केरळ, उत्तर प्रदेश, उत्तराखंड ही राज्यं दिसतात. यांतली बरीच मुलं लहान गावांतली. सैन्यात, पोलिसांत किंवा रेल्वेत लागल्यावर त्यांना सरावाची सोय झाली. उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रचा राम बाबू हॉटेलात वेटर होता आणि टाळेबंदीत रोजगार हमीच्या कामावर गेला होता. आधी तो लांब पल्ल्याचा धावपटू होता. गुडघा दुखू लागला म्हणून चालण्याकडे वळला.

लोक हसतात त्याचं काय

उत्तराखंडचा मनीष रावत बद्रीनाथला हॉटेलात काम करून सराव करायचा. त्याची चाल बघून लोक हसत. तोच मनीष २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला. बोनफिमनेही पॅरिसमध्ये २०२४ ला रौप्य जिंकल्यावर हेच सांगितलं की ब्राझीलच्या रस्त्यांवर सराव करताना त्याने वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या. त्याची आई स्वतः चालपटू होती, म्हणून घरी तरी समजून घेणारं माणूस होतं.

आपल्याकडे वेगळं काही होणार नाही. पहिल्या दिवशी पानठेल्यावरून आवाज येईलच, “असा काहून चालते गा हा?” हा अडथळा खराच आहे. शिकवणाऱ्याने तो आधीच सांगून टाकलेला बरा.

ऊन, पाणी आणि पोट

२०१९ ला दोह्यात उकाडा एवढा होता, की चालण्याच्या शर्यती रात्री साडेअकराला सुरू केल्या, तरी अनेकांना शर्यत सोडावी लागली. टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी याच भीतीने चालण्याच्या शर्यती आणि मॅरेथॉन सुमारे ८०० किलोमीटर उत्तरेला, साप्पोरोला हलवल्या. चालपटू टेबलावरून पाणी, ओला स्पंज, बर्फ उचलत जातात. हात बाटलीकडे गेला तरी पावलाची लय मोडू द्यायची नाही, हाही सरावाचाच भाग असतो. दमलेला माणूस आधी गुडघ्यात वाकतो, आणि पंच नेमका तिथेच बघत असतो.

भंडाऱ्याला हे ध्यानात ठेवावंच लागेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हाळ्यात सराव सूर्य वर यायच्या आत संपलेला हवा आणि पाण्याची बाटली बरोबर हवी. पावसाळ्याच्या शेवटापासून फाल्गुनापर्यंतचे महिने लांब अंतरासाठी चांगले.

इथे सुरुवात करायची तर

या खेळाला भाला लागत नाही, उडीचा खड्डा लागत नाही. पातळ टाचेचे हलके बूट आणि मोजलेली वाट एवढ्यावर काम भागतं. राष्ट्रीय महामार्ग आणि रेतीच्या टिप्परांचे रस्ते सोडून द्यावेत. क्रीडा संकुलाचं मैदान, शाळेचं पटांगण किंवा वर्दळ नसलेला एक किलोमीटरचा वळसा निवडावा.

पहिले काही आठवडे अंतर विसरून चाल बसवायची. मैदानावर फक्कीची एक सरळ रेघ मारा आणि तिच्यावर १०० मीटर चाला. टाच रेघेवर, गुडघा ताठ, नजर समोर. पुन्हा मागे या. असं दहा वेळा. सुरुवातीला नडगीच्या पुढचा स्नायू जळजळतो, कारण पंजा वर धरून ठेवायची त्याला सवय नसते. तो तयार होईपर्यंत वेग वाढवू नये. मग २०० मीटर, ४०० मीटर आणि हळूहळू ५ किलोमीटर. चाल बिघडली की थांबायचं, ओढत न्यायचं नाही. बिघडलेल्या चालीने केलेला सराव बिघडलेलीच चाल पक्की करतो.

शालेय स्पर्धेची शिडी तयार आहे: तालुका, जिल्हा, मग नागपूर विभाग आणि राज्य. १०० मीटरला जिल्हाभरातली चपळ पोरं उतरतात. ज्याला तेवढा झटपट वेग नाही, पण दम आहे आणि चिकाटी आहे, अशा मुलाने किंवा मुलीने चालण्याचा विचार जरूर करावा. भरतीच्या तयारीत पळून पळून गुडघे दुखावलेल्यांनीही.

रस्त्याकडेचा माणूस

एक गोष्ट मात्र एकट्याने होत नाही. आपला गुडघा वाकला की नाही, हे चालणाऱ्याला स्वतःला कळत नाही. थकल्यावर तर मुळीच नाही. यामानिशीसारख्यालाही चूक बाहेरूनच सांगावी लागली. म्हणून पहिल्या दिवसापासून कोणीतरी बाजूला उभं राहून बघणारं हवं. भाऊ चालेल, मैत्रीण चालेल, क्रीडाशिक्षक असतील तर उत्तमच. त्याला दोनच गोष्टी शिकवायच्या: पाय टेकल्यावर गुडघा बघ आणि दोन पावलांमधली जमीन बघ. मोबाइलवर चित्रण करून संध्याकाळी दोघांनी मिळून पाहिलं, तर चूक लवकर सापडते.

पाहणाऱ्याने चूक दिसली की तोंडावर सांगावी आणि चालणाऱ्याने राग न मानता वेग थोडा कमी करावा. पाय पळायला बघत असतात, त्यांना रोज थोडं थोडं आवरायला शिकणं हाच इथला सराव. उद्या पहाटे भरतीची पोरं निघून गेल्यावर रिकाम्या पटांगणावर फक्कीच्या रेघेवरून कोणी कंबर वळवत जाताना दिसलं, तर हसण्याआधी त्याच्या गुडघ्याकडे बघा. ताठ असेल तर तसं सांगा. वाकला असेल तर तेही सांगा.